‘पर्यंत’ : अपुऱ्या पदवीचा परभणीकडचा इतिहास

मराठी चरित्रकोशांत, पुस्तकांच्या मलपृष्ठांवर आणि नोकरीच्या अर्जांत एक शब्दयोगी अव्यय फार मोठे ओझे वाहत असते. ‘मॅट्रिकपर्यंत’, ‘इंटरपर्यंत’, ‘बी. ए. पर्यंत’. शिक्षण या रकान्यासमोर हा शब्द आला, की वाचणारा पुढच्या ओळीकडे वळतो. वास्तविक तिथेच थांबायला हवे. ‘नदीपर्यंत गेलो’ असे कोणी म्हटले तर तो पाण्यात उतरला की काठावरून परतला हे कळत नाही. ‘बी. ए. पर्यंत’ या नोंदीचेही तसेच आहे. पदवी मिळाली, शेवटच्या वर्षाला नापास झाला, की पहिल्या वर्षात नाव घालून गावी परतला, या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात सामावतात. ही संदिग्धता बहुतेक वेळा सोयीची असते, म्हणूनच ती टिकून आहे.

हा विषय आमच्या मनात आला तो एका परिचयपत्रामुळे. जिंतूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी आपला बायोडाटा तपासून घ्यायला आमच्याकडे आली होती. मराठी साहित्य घेऊन बी. ए. ची दोन वर्षे तिने पूर्ण केली होती. तिसऱ्या वर्षाला ती बसू शकली नाही. अर्ज एका खासगी ग्रंथालयातल्या कामासाठी होता. शिक्षणाच्या रकान्यात तिने आधी ‘बी. ए.’ लिहिले होते, ते खोडून ‘बी. ए. पर्यंत’ केले होते, आणि शेवटी तेही खोडून ‘बारावी उत्तीर्ण’ एवढेच ठेवले होते. पहिली नोंद खोटी होती, दुसरी झाकपाक करणारी होती आणि तिसरीने तिच्या आयुष्यातली दोन वर्षे पुसून टाकली होती. कोणती ठेवावी, असा तिचा प्रश्न होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्हाला आपल्याच जिल्ह्याचा मागचा शंभर वर्षांचा हिशेब पुन्हा पाहावासा वाटला. तो असा.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात विद्यापीठ एकच, ते म्हणजे १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया. आणि त्याचे माध्यम उर्दू. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलाच्या घरात मराठी बोलली जात होती त्याच्यासाठी ही भारतीय भाषाही शिकून घेण्याचीच भाषा होती. माध्यमिक शाळेतच मुलगा उर्दूकडे वळवला जाई. त्यात अंतराची भर. जवळचे म्हणावे असे शासकीय महाविद्यालय औरंगाबादला, तेही १९२३ सालचे. नाहीतर थेट हैदराबाद. गोदावरी खोऱ्यातून जाणारी हैदराबाद-मनमाड रेल्वे १९०० साली सुरू झाली होती आणि परभणी तिच्यावरच होती, त्यामुळे प्रवास शक्य होता. परगावी राहण्याजेवण्याचा खर्च मात्र रेल्वेने सुटणारा नव्हता. शेतकऱ्याच्या, कुळकर्ण्याच्या किंवा लहान दुकानदाराच्या घरातला मुलगा हैदराबादला राहायचा तर तिथे कोणी मामा, काका असावा लागे. नसेल तर शिक्षण जिथे पैसे संपत तिथे संपे.

या परिस्थितीचे वाङ्मयीन उदाहरण म्हणून बी. रघुनाथ यांचे नाव आठवते. भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोना गावी झाला. हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. हैदराबादला ते १९३२ साली मॅट्रिक झाले. पुढे शिकणे आर्थिक स्थितीमुळे जमले नाही. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी धरली आणि आयुष्याचा मोठा काळ परभणीत काढला. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, परभणीतच त्यांचे निधन झाले. ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह, ‘साकी’, ‘छागल’ हे कथासंग्रह, ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ या कादंबऱ्या, ‘अलकेचा प्रवासी’ हे ललितलेखन, आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली ‘आडगावचे चौधरी’, हा सगळा पसारा कचेरीच्या वेळेबाहेर लिहिला गेला.

त्यांच्या परिचयात ‘मॅट्रिकपर्यंत शिक्षण’ असे लिहिले जाते. इथे एक फरक नोंदवला पाहिजे. बी. रघुनाथांची पदवी अपुरी राहिली नाही. ती सुरूच झाली नाही. मॅट्रिक त्यांनी पूर्ण केले होते. ‘पर्यंत’ या शब्दाने त्यांच्या पुऱ्या झालेल्या परीक्षेलाही अपुरेपणाची छटा येते. आणि दुसरीकडे, सभासमारंभांतून ‘पदवी नसूनही केवढे लिहिले’ अशी वाक्ये ऐकू येतात, तेव्हा त्यांत कौतुक असते, पण किंमत कोणी मोजली याची विचारपूस नसते. पदवी असती तर कदाचित अध्यापकाची नोकरी मिळाली असती, वाचनाला वेळ मिळाला असता. ‘नसूनही’ हा शब्द ऐकायला उदार वाटतो, परंतु तो अभावाचे रूपांतर गुणात करतो. अभाव हा अभावच असतो. तो कोणी निर्माण केला हे विचारणे हे इतिहासाचे काम.

बी. रघुनाथ नोकरीत रुळले होते त्याच काळात उस्मानिया विद्यापीठात आणखी एका प्रकारचे अपुरेपण निर्माण झाले. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. विद्यापीठाने मनाई केली, विद्यार्थ्यांनी ऐकले नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. औरंगाबादच्या महाविद्यालयातही हेच लोण होते. पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या चळवळीतले विद्यार्थी. संस्थानात दुसरे विद्यापीठ नसल्याने या मुलांचे शिक्षण तिथेच संपायचे. ते संपले नाही, कारण नागपूर विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्या विद्यापीठात प्रवेश दिला.

हा प्रसंग मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. आम्हाला त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. काढून टाकलेल्या विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवर खंड स्पष्ट दिसत होता. केदारांनी तो खंड दोष मानला नाही; त्याचे कारण विचारात घेतले. एखाद्या अपुऱ्या नोंदीकडे संस्थेने कसे पाहावे याचा हा आपल्या भागाशी निगडित असलेला फार चांगला दाखला आहे. पण सगळेच नागपूरला गेले नसणार. उर्दूतून शिकलेल्या मुलाला नागपुरात इंग्रजीतून उत्तरे लिहायची होती आणि पुन्हा परगावचा खर्च होताच. जे गावी परतले त्यांच्याही नावापुढे ‘इंटरपर्यंत’ हेच लागले असणार. सत्याग्रहात निघालेले नाव आणि आळसाने सुटलेली परीक्षा, दोन्ही त्या रकान्यात सारखीच दिसतात. पुढे १९४७-४८ च्या लढ्यात पुन्हा विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले. स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत ज्यांची नावे आली त्यांच्या अपुऱ्या शिक्षणाला एक तळटीप मिळाली. इतरांना ती मिळाली नाही.

यानंतर नरहर कुरुंदकरांकडे यावे लागते, कारण या विषयात त्यांच्याइतके सांगितले जाणारे आणि तितकेच अर्धवट सांगितले जाणारे उदाहरण दुसरे नाही. त्यांचे मूळ गाव वसमत तालुक्यातले कुरुंदा. तेव्हाचा परभणी जिल्हा, १९९९ पासून हिंगोली. जन्म १५ जुलै १९३२. हैदराबादला त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर मराठीचे प्राध्यापक होते. म्हणजे वर म्हटलेला ‘मामा’ कुरुंदकरांना लाभला होता. तिथल्या सिटी कॉलेजात ते शिकले. ग्रंथालयातले वाचन अफाट झाले, इंटरची परीक्षा मात्र सुटेना. पदवी न घेताच ते परतले आणि १९५५ साली नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले.

इथपर्यंतची कथा आमच्या वर्गांतून मोठ्या चवीने सांगितली जाते. परीक्षेत नापास झालेला मनुष्य पुढे मराठीतला मोठा विचारवंत झाला, ही गोष्ट ऐकून मागच्या बाकांवर समाधान पसरते. कथेचा उत्तरार्ध सांगायचा राहतो. शाळेत शिकवता शिकवता कुरुंदकरांनी बी. ए. केले, एम. ए. केले, आणि १९६३ साली नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते मराठीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ‘रूपवेध’ हा त्यांचा समीक्षालेखसंग्रह प्रसिद्ध झाला. पुढे ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांना मृत्यू आला. लिहिण्यासाठी आणि विचार करण्यासाठी त्यांना पदवीची गरज नव्हती हे खरे; महाविद्यालयात शिकवण्यासाठी होती, हेही तितकेच खरे. ती गरज त्यांनी ओळखली आणि भागवली. पदवीची थट्टा करणारे लोक कुरुंदकरांचे नाव घेतात तेव्हा हा भाग गाळतात.

त्यांना ती भागवता आली याला बदललेली परिस्थितीही कारण होती. पीपल्स कॉलेज १९५० साली नांदेडला निघाले होते, मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला सुरू झाले होते, आणि उस्मानियाची उर्दूची अट हैदराबादच्या विलीनीकरणाबरोबर मागे पडली होती. एका पिढीपूर्वी बी. रघुनाथांना यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. दोघांमध्ये वयाचे अंतर एकोणीस वर्षांचे. त्यांच्या शिक्षणातल्या फरकाचा मोठा भाग या एकोणीस वर्षांत घडलेल्या गोष्टींनी भरून निघतो.

१९५० सालीच औरंगाबादला ज्यांनी महाविद्यालय काढले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कथा पदव्यांच्या यादीसाठी प्रसिद्ध आहे. त्या यादीच्या मधोमध एक अपुरी नोंद होती, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. परतताना मात्र त्यांनी एक गोष्ट केली: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. मधल्या काळात, १९१८ पासून, ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. पगारातून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये परत लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. कोलंबियाची पीएच. डी. सुद्धा प्रबंध छापून दाखल केल्यानंतर, १९२७ साली, रीतसर हाती आली. १९१८ साली कोणी त्यांचे परिचयपत्र पाहिले असते तर त्यात एक पदव्युत्तर अभ्यासक्रम अर्धवट दिसला असता. अपुऱ्या शिक्षणाचे पुढे काय करायचे, याचे यापेक्षा शहाणपणाचे उत्तर आम्हाला सापडत नाही: जिथे थांबलो ती जागा लेखी नोंदवून ठेवणे आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवणे.

थांबण्याची कारणे मात्र नेहमीच स्वतःच्या हातातली नसतात. १९७२ हे वर्ष परभणीसाठी दोन अर्थांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी मराठवाड्यावर भीषण दुष्काळ आला. ज्या जिल्ह्यात शेतीची पदवी देणारे विद्यापीठ उघडले त्याच जिल्ह्यातली शेतकऱ्यांची मुले खडी फोडायला गेली. पुढे २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतरच्या हिंसाचारात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. परभणी आणि नांदेड हे जिल्हे त्यात होरपळले. ज्या घराला आग लागली त्या घरातल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचे पुढे काय झाले, हे कोणत्याही मेमोवर छापले जात नाही. मेमोवर फक्त ‘अनुपस्थित’ असे येते. विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे आंदोलन चालले, १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. परंतु त्या आंदोलनात किती पदव्या अपुऱ्या राहिल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

विद्यापीठांच्या नावांचा हा इतिहास परिचयपत्राच्या दृष्टीनेही साधा नाही. १९९२ साली परभणीच्या महाविद्यालयात ज्याने नाव घातले त्याचे विद्यापीठ ‘मराठवाडा विद्यापीठ’ होते. १९९४ च्या जानेवारीत ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. कृषी विद्यापीठाच्या नावाआधीही २०१३ मध्ये ‘वसंतराव नाईक’ हे नाव आले. ज्याची पदवी पूर्ण झाली त्याच्याकडे प्रमाणपत्रावर छापलेले एकच नाव असते. ज्याची राहिली त्याच्याकडे वेगवेगळ्या नावांचे मेमो असतात, आणि एखाद्या कचेरीतल्या माणसाला तो बनावटपणा वाटू शकतो. म्हणून मेमोवर जे नाव आहे तेच लिहावे आणि पुढे वर्ष द्यावे, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. पदवी नसताना नुसते ‘बी. ए.’ लिहिणे हे खोटे विधान आहे. नोकरी मिळाल्यानंतरही ते उघडकीस आले तर नोकरी जाते, आणि ते न्याय्यही आहे. ‘बी. ए. पर्यंत’ लिहिणे खोटे नाही, पण ते वाचणाऱ्याला चुकीचा समज करून घेण्याची मोकळीक देते. मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्यावर येतो आणि उमेदवार आरोपीसारखा उत्तर देऊ लागतो. आणि ‘बारावी’वर थांबणे म्हणजे केलेले काम नाकारणे. दोन वर्षांत तिने ज्ञानेश्वरीचे अध्याय वाचले होते, कथा आणि कादंबरीवरचे पेपर दिले होते, उत्तीर्ण झाली होती. ग्रंथालयातल्या कामासाठी हे शिक्षण निरुपयोगी कसे?

आम्ही तिला सुचवले ते असे: अभ्यासक्रमाचे नाव, विषय, मेमोवरचे विद्यापीठाचे नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि त्यापुढे ‘प्रथम व द्वितीय वर्ष उत्तीर्ण, तृतीय वर्ष अपूर्ण’. कारण अर्जात लिहू नये. विचारले तर एका वाक्यात सांगावे, क्षमायाचनेच्या सुरात नव्हे. मेमोच्या प्रती जोडाव्यात. ज्या पदासाठी पदवी ही अट आहे तिथे अर्ज करून स्वतःला फसवू नये, आणि जिथे बारावी पुरते तिथे ही दोन वर्षे लपवू नयेत.

पुढचा मार्गही आता पूर्वीइतका बंद नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर थांबणाऱ्याला, ठरलेली श्रेयांके आणि नेमून दिलेला जोड अभ्यासक्रम पूर्ण केल्यास, अनुक्रमे प्रमाणपत्र आणि पदविका मिळण्याची तरतूद आली. २०२१ पासून श्रेयांकांची पेढीही आहे आणि जमा श्रेयांके सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. लंडन विद्यापीठाने एका विद्यार्थ्याला अपवाद म्हणून चार वर्षे दिली होती. इथे नियमानेच सात मिळतात. हे स्वागतार्ह आहे. परंतु एक शंका राहते. दुसऱ्या वर्षानंतर पदविका देऊन निरोप दिला, की ती मुलगी का गेली हे विचारण्याची जबाबदारी महाविद्यालयावर उरत नाही. पूर्वी गळती म्हणून तरी तिची नोंद होई. आता ती व्यवस्थित बाहेर पडलेली विद्यार्थिनी ठरेल. लग्न, ऊसतोड, आजारपण किंवा एसटीचा बंद झालेला फेरा ही कारणे तशीच राहतील, फक्त त्यांवर एक सुबक कागद येईल.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना आमची एक विनंती आहे. लेखकांचे परिचय लिहिताना ‘पर्यंत’ या शब्दापाशी थांबावे. कोणती परीक्षा उत्तीर्ण झाली, कोणती सुटली, कोणत्या वर्षी, कोणत्या विद्यापीठात आणि का, हे जेवढे खात्रीने कळते तेवढे लिहावे. बी. रघुनाथ मॅट्रिक झाले आणि पैशाअभावी पुढे शिकू शकले नाहीत, हे वाक्य ‘मॅट्रिकपर्यंत’ या शब्दापेक्षा फार लांब नाही. आपण लेखकांच्या बाबतीत ही सवय लावून घेतली तर आपल्या विद्यार्थ्यांनाही आपले दोन वर्षांचे शिक्षण सरळ शब्दांत लिहिण्याचा धीर येईल.

त्या मुलीने अर्ज नव्याने लिहून काढला. ‘तृतीय वर्ष अपूर्ण’ हे शब्द लिहिताना ती थोडी थांबली, आणि मग कंसात स्वतःहूनच आणखी दोन शब्द घातले: ‘पुढे करणार’. ते खोडायला आम्ही सांगितले नाही.